कोण दहशतवादी, कोण स्वातंत्र्यसैनिक? सीमाभागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्यातल्या एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवतो. संगोळी रायण्णांना फाशी दिलं ते नंदगड इथून जवळच, हिंडलग्याचा तुरुंग तासाभराच्या वाटेवर, आणि घाट उतरलं की गोवा. त्यामुळे दहशतवादाचा कायदा शिकवायला घेतला की प्रश्न पुस्तकातले येत नाहीत, घरातले येतात. 'सर, मग आमचा पणजा कोण?' असं एका मुलीनं भर वर्गात विचारलं होतं. पुन्हा पुन्हा आलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे एकदा नीट लिहून ठेवतोय.

एकाच माणसाला एक सरकार गुन्हेगार म्हणतं आणि दुसरं स्वातंत्र्यसैनिक. हे होतं कसं?

माझ्या घरातल्या एका कागदावरून सांगतो. आमच्या आज्जानं १९४२ साली गावातल्या पोरांबरोबर चावडीचं दप्तर जाळलं आणि तारा तोडल्या. पकडला गेला, हिंडलग्यात गेला. त्याचं तुरुंगाचं प्रमाणपत्र आमच्याकडे आहे. कागद पिवळा, घडीवर फाटलेला, शाई तपकिरी झालेली. त्यावर कैदी क्रमांक, बापाचं नाव, गाव, 'डाव्या भुवईवर व्रण' अशी ओळखीची खूण, मग गुन्ह्याच्या रकान्यात भारत संरक्षण नियम आणि शेवटी शिक्षा: ६ महिने सक्तमजुरी.

ज्या कारकुनानं हा तपशील भरला, त्याच्या लेखी हा गुन्हेगाराचा दाखला होता. चाळीस वर्षांनी स्वतंत्र भारताच्या सरकारनं आज्जाला पेन्शन दिलं ते याच कागदावर. अक्षरही बदललं नव्हतं. बदललं होतं ते वाचणारं सरकार.

हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं बरंचसं यावर उभं आहे. सरकार माणसाच्या मनात शिरून तो देशभक्त आहे की नाही हे बघत नाही. त्याच्यापुढे कागद असतो: अधिसूचना, गुन्ह्याची नोंद, वॉरंट, तुरुंगाचा दाखला. त्यावर तो कायद्याच्या रकान्यात बसवला जातो. रकाने कोण आखतं, हा खरा प्रश्न.

भारतात आज एखाद्याला 'दहशतवादी' ठरवतात ते कोणत्या कायद्यानं?

मुख्यतः बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यानं, म्हणजे यूएपीए. कायदा १९६७ चा, पण त्यात सुरुवातीला दहशतवादाचं प्रकरण नव्हतं. दहशतवादासाठी आधी टाडा आला (१९८५ ते १९९५), मग पोटा (२००२ ते २००४). पोटा रद्द झाला तेव्हा त्यातला बराचसा मजकूर यूएपीएमध्ये घातला गेला.

त्यातलं कलम १५ दहशतवादी कृत्य म्हणजे काय ते सांगतं. त्याचे दोन भाग पडतात. एक हेतू: देशाची एकता, अखंडता, सुरक्षा, आर्थिक सुरक्षा किंवा सार्वभौमत्व धोक्यात आणणं, किंवा लोकांमध्ये दहशत बसवणं. दुसरं साधन आणि परिणाम: स्फोटकं, बंदुका, विष वगैरे वापरून माणसं मारणं, जखमी करणं, मालमत्ता उद्ध्वस्त करणं, जीवनावश्यक पुरवठा तोडणं, खोट्या नोटा खपवणं, ओलीस धरणं. साधनांच्या यादीच्या शेवटी 'किंवा इतर कोणत्याही प्रकारच्या साधनानं' असे शब्द आहेत. वकिलांची सगळी लढाई बहुतेक वेळा याच शब्दांभोवती होते, कारण त्यांत काय काय बसेल याला काठ नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतही दहशतवादी कृत्याचं कलम आलं, ११३ वं. गुन्हा त्या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे ठरवायचा अधिकार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला आहे. म्हणजे बेळगाव जिल्ह्यात काही घडलं, तर पहिला निर्णय जिल्ह्याच्या अधीक्षकाच्या टेबलावर होणार. मुलांना हे सांगितलं की वर्ग गप्प होतो. दिल्लीत होतं असं वाटणारं काम इतक्या जवळ होतं, हे त्यांना ठाऊक नसतं.

सरकारच्या दहशतवाद्यांच्या यादीत नाव यायला कोर्टाचा निकाल लागतो का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

संघटनांची यादी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असते. ऑगस्ट २०१९ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि चौथ्या अनुसूचीत एकट्या माणसाचं नावही घालता येऊ लागलं. ४ सप्टेंबर २०१९ ला पहिली चार नावं आली: मसूद अझहर, हाफिज सईद, झकी-उर-रहमान लख्वी आणि दाऊद इब्राहिम. केंद्र सरकारला 'हा दहशतवादात गुंतलेला आहे' असं वाटलं की राजपत्रात अधिसूचना निघते, आणि झालं. आधी नोटीस नाही, सुनावणी नाही, दोष सिद्ध होण्याची अट नाही.

या चार नावांबद्दल इथे कुणाचं दुमत असेल असं मला वाटत नाही. पण कायदा चार नावांपुरता लिहिला जात नाही. उद्याच्या सरकारच्या हातातही तोच असतो. म्हणून आधी सुनावणी नसणं मला खटकतं, आणि ते मी मुलांसमोर मोकळेपणानं बोलतो.

यादीतून नाव निघतं का?

कलम ३६ प्रमाणे केंद्र सरकारकडेच अर्ज करायचा. त्यांनी फेटाळला तर महिन्याभरात पुनर्विलोकन समितीकडे जाता येतं, तिचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असतो. 'बेकायदेशीर संघटना' ठरवण्याची वाट वेगळी आहे. तिथे अधिसूचनेनंतर ३० दिवसांत प्रकरण उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या न्यायाधिकरणाकडे जातं, त्यानं सहा महिन्यांत निकाल द्यायचा, आणि बंदी पाच वर्षांची असते. 'दहशतवादी संघटना' या यादीला मात्र मुदत नाही. परीक्षेत या दोहोंत हटकून गोंधळ होतो, तेवढं पाठ करा.

आणि 'स्वातंत्र्यसैनिक' कोण, हे कोण ठरवतं?

तेही केंद्र सरकारच, आणि तेही गृह मंत्रालय. एकाच मंत्रालयाच्या एका दालनात दहशतवाद्यांची यादी आणि दुसऱ्या दालनात स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनच्या फाइली.

स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हा, १५ ऑगस्ट १९७२ ला, केंद्राची पेन्शन योजना सुरू झाली. ताम्रपटही त्याच वर्षी वाटले. १ ऑगस्ट १९८० पासून योजना रुंदावली आणि तिला स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शन हे नाव मिळालं. आता निकष वाचा, कारण त्यांत सगळं दडलेलं आहे.

तुरुंगात किमान सहा महिने काढलेले हवेत. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तीन महिने पुरतात. भूमिगत असाल तर सहा महिन्यांहून जास्त काळ, आणि सरकारनं तुम्हाला फरारी घोषित केलेलं असावं, किंवा डोक्यावर इनाम लावलेलं असावं, किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघून बजावता आला नसावा. घरदार जप्त झालेलं चालतं, गोळीबारात वा लाठीमारात कायमचं अपंगत्व आलेलं चालतं, सरकारी नोकरी गेलेली चालते, दहा फटक्यांची शिक्षा झालेली चालते.

म्हणजे इंग्रज सरकारनं जे जे केलं, ते ते पात्रतेचं प्रमाण झालं. 'या माणसाला पकडून देणाऱ्यास बक्षीस' ही पोलिसांची जाहिरात घरात जपून ठेवलेली असली की पेन्शनचा अर्ज भक्कम. लपून इतकं चांगलं काम केलं की पोलिसांना नावच कळलं नाही, असे जे होते, त्यांच्या हाती काहीच नाही. आमच्या गावात रात्री भाकऱ्या पोचवणाऱ्या बायका होत्या. भूमिगतांना त्यांच्याशिवाय आठवडाही काढता आला नसता. एकीचंही नाव कुठल्या कागदावर नाही.

कागद नसला तर?

तुरुंगाच्या नोंदी नष्ट झाल्या असतील तर राज्य सरकारकडून 'अभिलेख उपलब्ध नाही' असा दाखला घ्यावा लागतो, आणि मग ज्यांनी स्वतः मोठी शिक्षा भोगली आहे अशा सहबंद्यांची प्रमाणपत्रं जोडावी लागतात. सर्वोच्च न्यायालयानं यात माणुसकीची बाजू घेतली आहे. १९९३ साली मुकुंदलाल भंडारी खटल्यात उशिरा अर्ज केला म्हणून पेन्शन नाकारता येत नाही असं सांगितलं, आणि २००१ साली गुरदयाल सिंग खटल्यात सांगितलं की फौजदारी खटल्यासारखा कडक पुरावा इथे मागायचा नाही.

आज्जाचं प्रकरण वेगळं अडकलं. शिक्षा सहा महिन्यांची, पण चांगल्या वागणुकीची माफी २२ दिवस मिळाली, म्हणून तो पाच महिने आठ दिवसांत बाहेर आला. एका कार्यालयातल्या साहेबांनी फाइल परत केली: सहा महिने भरत नाहीत. मी तेव्हा पाचवीत होतो, आज्जाची पिशवी धरून बरोबर गेलेलो. पायऱ्या उतरताना आज्जा एवढंच बोलला, 'बावीस दिस कमी पडले म्हणं.' त्यानंतर घरात कुणी तो विषय काढेना. एका महिन्यापर्यंतची नेहमीची माफी प्रत्यक्ष तुरुंगवासातच धरायची, असं योजनेत लिहिलेलं आहे. ते एका वकील काकांनी दाखवून दिलं तेव्हा कुठे फाइल पुन्हा चालू लागली.

नातवाला पेन्शन मिळतं का?

नाही. केंद्राचं पेन्शन पती किंवा पत्नीला, मग लग्न न झालेल्या आणि कमावत्या नसलेल्या मुलींना मिळतं. नातवंडांपर्यंत येत नाही.

कित्तूरची राणी चन्नम्मा आणि संगोळी रायण्णा यांना कंपनी सरकार काय म्हणत होतं?

बंडखोर. वारस दत्तक घेतलेला कंपनीला मान्य नव्हता, त्यावरून कित्तूर पेटलं. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या लढाईत मारला गेला. पुढे किल्ला पडला, राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैद झाली आणि १८२९ मध्ये कैदेतच वारली. रायण्णांनी पुन्हा माणसं जमवली, बिडीची सरकारी कचेरी जाळली, रानातून लढले. फितुरीनं पकडले गेले आणि जानेवारी १८३१ मध्ये नंदगडला फासावर गेले.

कंपनीच्या कागदांत सरकारी कचेरी जाळणारा, खजिना लुटणारा माणूस. आज नंदगडच्या त्या वडापाशी लोक नवस बोलतात. कन्नड बोलणारे येतात तसे मराठी बोलणारेही येतात, आणि ते मी लहानपणापासून बघत आलोय.

नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांची गोष्ट तशीच. १८५८ च्या मे महिन्यात पोलिटिकल एजंट मॅन्सनला मारलं, जूनमध्ये त्यांना बेळगावात फाशी दिलं. वासुदेव बळवंत फडके १८७९ साली तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यात, म्हणजे आजच्या आपल्या शेजारच्या मुलखात पकडले गेले. सरकारनं त्यांच्यावर इनाम लावलं होतं दरोडेखोर म्हणून. १८८३ साली ते एडनच्या कैदेत वारले, आणि मराठी माणूस त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो.

गोव्याच्या लढ्यात ज्यांनी शस्त्र घेतलं त्यांचं काय?

बेळगाव हा गोव्याच्या लढ्याचा उंबरठा. सत्याग्रही इथे यायचे, मुक्काम करायचे आणि हद्द ओलांडायचे. १५ ऑगस्ट १९५५ ला पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या, वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर भारत सरकारनंच सत्याग्रहींना हद्द ओलांडायला मनाई केली. त्या काळात आडवाटेनं गोव्यात शिरणारा माणूस दोन्ही सरकारांच्या हुकमाबाहेर होता. पुढे गोवा मुक्तिसंग्राम पेन्शनच्या मान्य लढ्यांत आला.

मोहन रानडे हे मूळचे सांगलीचे. आझाद गोमंतक दलात गेले, पोलीस ठाण्यांवरच्या हल्ल्यांत होते, १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडले. पोर्तुगालनं त्यांना लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यात कैद केलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी ते आतच. सुटले जानेवारी १९६९ मध्ये. २००१ साली भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. पोर्तुगालच्या लेखी ते सशस्त्र गुन्हेगार, आपल्या लेखी स्वातंत्र्यसैनिक, आणि दोन्ही सरकारं एकाच रात्रीच्या एकाच हल्ल्याबद्दल बोलत होती.

सरकारांचंही असंच होतं. भारतीय सैन्य बेळगावात जमून गोव्यात उतरलं, तेव्हा १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत युद्धबंदी करा आणि माघारी जा असा ठराव आला. सात मतं बाजूनं, चार विरोधात. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो पडला. आपण ज्याला मुक्ती म्हणतो त्याला त्या सात देशांनी आक्रमण म्हटलं होतं.

सीमा आंदोलनात गेलेले लोक स्वातंत्र्यसैनिक की आरोपी?

हा प्रश्न इथे दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

१७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला, त्यातल्या मृतांना आपण दरवर्षी हुतात्मा चौकात अभिवादन करतो. पण एक गोष्ट फार थोड्यांना आठवते: त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यात होतं. म्हैसूर राज्यात ते गेलं १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणजे गोळ्या सुटल्या त्या मुंबई राज्याच्या पोलिसांच्या, मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना. त्याच राज्यातून पुढे महाराष्ट्र झाला, आणि महाराष्ट्र सरकार सीमा लढ्यातल्या हुतात्म्यांच्या वारसांना मानधन देतं. एका सरकारला जे दंगेखोर वाटले, ते त्याच्याच वारस सरकारला हुतात्मे झाले. मध्ये फक्त चार वर्षं आणि एक मोठी चळवळ.

जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात हिंडलग्याला माणसं मारली गेली. त्यांचं स्मारक तिथेच आहे. महाराष्ट्राच्या नोंदीत ते हुतात्मे. कर्नाटकाच्या दप्तरात तो कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न.

केंद्राच्या व्याख्येत मात्र हे लोक स्वातंत्र्यसैनिक बसत नाहीत, कारण ती योजना परकीय सत्तेविरुद्धच्या ठरावीक लढ्यांसाठी आहे. माझ्या मते त्यांना त्या शब्दात कोंबायचीही गरज नाही. ते स्वतंत्र भारताचे नागरिक होते आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचं मागत होते. सीमासत्याग्रही हा शब्द आपल्याकडे आहे, तो पुरेसा मानाचा आहे.

'आमचं गाव महाराष्ट्रात घाला' म्हटलं तर देशविरोधी ठरतो का?

अजिबात नाही, आणि हे प्रत्येक तरुणानं पाठ करावं. यूएपीए ज्याला बेकायदेशीर कृत्य म्हणतो, त्यात भारताचा भाग भारतापासून तोडण्याची भाषा येते. राज्याची हद्द बदलणं ही संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदात संसदेला दिलेली गोष्ट आहे. या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्र २००४ साली कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात गेला. सरकारं ज्या मागणीसाठी दावा लावतात, ती मागणी नागरिकानं केली तर गुन्हा होत नाही. १९६२ च्या केदारनाथ सिंग निकालानं राजद्रोहसुद्धा हिंसेला चिथावणी असेल तरच, असं बांधून ठेवलं होतं. १९९५ च्या बलवंत सिंग निकालात नुसत्या घोषणांनी राजद्रोह होत नाही असं सांगितलं, आणि त्या घोषणा आपल्या कुठल्याही घोषणेपेक्षा कितीतरी कडक होत्या.

बस फोडली, दगड मारला, पुतळ्याची विटंबना केली, तर मात्र तो गुन्हा आहे. मागणी खरी आहे म्हणून दगड माफ होत नाही. अधूनमधून कुणीतरी एखाद्या संघटनेवर बंदी घाला म्हणतं. यूएपीएखाली ती घोषणा करायचा अधिकार केंद्राचा आहे, राज्याचा नाही, आणि त्यासाठी वर सांगितलेलं न्यायाधिकरण लागतं. विधानसभेत नुसता ठराव करून ते होत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी एकच व्याख्या का केली नाही?

कारण प्रत्येक देशाच्या मागे एक गोवा आहे. भारतानं १९९६ साली दहशतवादाविरुद्धच्या व्यापक कराराचा मसुदा मांडला. तो अजून अडकलेला आहे. अडतं दोन ठिकाणी: परकीय ताब्याविरुद्ध लढणाऱ्यांना वगळायचं का, आणि देशाच्या सैन्यानं केलेली कृत्यं त्यात धरायची का. अरब देशांनी १९९८ च्या आपल्या करारात परकीय ताब्याविरुद्धचा सशस्त्र लढा सरळ वगळून टाकला. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या जोडकरारात वसाहतवादी सत्तेविरुद्धच्या लढ्याला आंतरराष्ट्रीय युद्धाचा दर्जा मिळाला, पण त्याबरोबर लढणाऱ्यांवर युद्धाचे नियमही आले: सामान्य माणसांवर हल्ला करायचा नाही.

व्याख्या नसली तरी यादी आहे. सुरक्षा परिषदेची १२६७ समिती (ठराव क्रमांक १२६७ वरून हे नाव) नावं घालते, आणि तिथे एका सदस्याची हरकतही नाव अडवते. मसूद अझहरचं नाव चीननं वर्षानुवर्षं अडवलं, ते १ मे २०१९ ला यादीत आलं. त्या मधल्या वर्षांत त्याच्या कृत्यांत काही कमी नव्हतं.

म्हणजे जिंकला तो सैनिक आणि हरला तो दहशतवादी, एवढंच ना?

मुलांना हे वाक्य फार आवडतं. मला ते पटत नाही.

नावं बदलतात हे खरं. नेल्सन मंडेलांच्या संघटनेनं डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला त्याच आठवड्यात, सशस्त्र शाखा काढली. भारतानं त्यांना १९९० साली भारतरत्न दिलं. अमेरिकेच्या नोंदींतून त्यांचं नाव निघालं २००८ मध्ये, राष्ट्राध्यक्षपद भोगून झाल्यावर. मेनाकेम बेगिन यांच्या संघटनेनं २२ जुलै १९४६ ला जेरुसलेमच्या किंग डेव्हिड हॉटेलात स्फोट केला, ९१ माणसं गेली. तेच बेगिन १९७७ साली इस्राएलचे पंतप्रधान झाले, पुढच्या वर्षी त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. आपल्याकडे मिझो नॅशनल फ्रंटच्या लालडेंगांनी वीस वर्षं बंड केलं, ३० जून १९८६ ला करार झाला आणि ते मुख्यमंत्री झाले.

पण दोन प्रश्न वेगळे ठेवा. लढा कशासाठी, हा एक. कुणाला मारलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सरकारागणिक बदलतं. दुसऱ्याचं बदलत नाही. किंग डेव्हिडमध्ये कारकून, टायपिस्ट, नोकर मेले. बेगिन पंतप्रधान झाले म्हणून ते जिवंत झाले नाहीत. मंडेलांच्या संघटनेनं सुरुवातीला मुद्दाम विजेचे खांब आणि सरकारी इमारती निवडल्या, माणसं टाळली. आमच्या आज्जाच्या टोळीनं चावडी पेटवण्याआधी आत निजलेल्या तराळाला, म्हणजे गावच्या राखणदाराला, उठवून बाहेर काढलं होतं. आज्जा ती गोष्ट सांगताना तराळाचं घोंगडंही आठवणीनं बाहेर आणल्याचं सांगायचा. तो तपशील कुठल्या सरकारनं लिहून घेतला नाही. मला विचाराल तर माणसाला कोणत्या रकान्यात घालायचं हे ठरवताना पहिला प्रश्न तोच असायला हवा.

भगतसिंगांना दहशतवादी म्हणणं हा अपमान आहे का?

आजच्या अर्थानं हो. २०१६ साली एका इतिहासाच्या पुस्तकात 'क्रांतिकारी दहशतवाद' असा शब्दप्रयोग आहे म्हणून दिल्लीत मोठा वाद झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या शब्दाला आजचा वास नव्हता, काही क्रांतिकारकही तो स्वतःसाठी वापरत. भगतसिंगांनी मात्र १९३१ च्या फेब्रुवारीत, फाशीच्या काही आठवडे आधी, आपण दहशतवादी नाही, सुरुवातीचा काळ कदाचित सोडला तर कधी नव्हतो, असं लिहून ठेवलंय. त्यांचं त्यांनी सांगितलेलं असताना दुसऱ्यानं का भांडावं?

शब्दांचं वय बघा. १९२० च्या सुमाराच्या मराठीत अहिंसक असहकाराला 'अनत्याचारी असहकार' म्हणत, म्हणजे अत्याचार म्हणजे राजकीय हिंसा. आज कुणी तो शब्द त्या अर्थानं वाचणार नाही. १९८० च्या दशकात पंजाबच्या बातम्यांत 'अतिरेकी' आला, मग 'दहशतवादी' रुळला. १८५७ ला आमच्या पणज्यांची पिढी 'बंड' म्हणायची, पुढे 'उठाव' झाला, मग 'स्वातंत्र्यसमर'. जुना कागद वाचताना त्या सालचा अर्थ घ्या.

घरात असे जुने कागद सापडले तर काय करायचं?

लॅमिनेशन करू नका, कागद त्यात जळतो आणि पुन्हा सुटत नाही. घडी उघडून सपाट ठेवा, सुती कापडात गुंडाळा, दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा. तुरुंगाच्या नोंदीसाठी माहिती अधिकाराखाली लेखी अर्ज करा: नाव, बापाचं नाव, गाव, साल आणि कैदी क्रमांक असेल तर तो. १९५६ च्या आधीचं बेळगाव मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात होतं, म्हणून गृह खात्याची जुनी कागदपत्रं मुंबईच्या पुराभिलेखागारातही बघावी लागतात.

आणि घरात नव्वदीची कुणी आजी असेल तर आज रात्रीच मोबाइल समोर ठेवून तिला विचारा, भाकऱ्या कुठे पोचवायची, कुणाबरोबर, आणि वाटेत कोण भेटायचं.